दोनदा उलटलेली खोळ

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना पितळी डबा आहे आणि मी रागावलेला आहे. डब्यांनी कसं नम्रपणे, गोड बोलून आपली कहाणी सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती बाजूला ठेवा. माझ्यासारखी एक अख्खी दिवाळी तुम्ही अंधाऱ्या खोलीत मिरच्यांच्या पोत्याखाली काढली असती, तर तुम्हीही गोड बोलला नसता.

माझा जन्म भंडाऱ्याचा. आमच्याकडचं पितळ कसं असतं, हे तुमच्या आजीला विचारा. ठोकून ठोकून मला गोल केलं, कडी बसवली, झाकण असं घट्ट केलं की आतली मुंगी बाहेर नाही आणि बाहेरची आत नाही. रंभाबाईच्या लग्नात मी आंदण म्हणून नागपूरला आलो, महाल भागातल्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. पुढच्या खोलीत तिचा नवरा मारोतराव याचं शिवणयंत्र आणि मागच्या खोलीत चूल, देव आणि मी.

मारोतराव शिंपी होता. आणि कसला शिंपी! माप घ्यायला फीत लागायची नाही, माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या छातीचं माप याच्या डोक्यात उतरलेलं असायचं. हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. गिऱ्हाइकानं कपड्याला नाव ठेवलं, की तो कपडा हिसकावून घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमचंच अंग वाकडं आहे गा. शिलाई सरळ आहे."

माझे दिवस चांगले चालले होते. उन्हाळ्यात पापड-कुरडया, पावसाळ्यात डाळी, दिवाळीत फराळ. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा आणि मी आतून चकचकीत होऊन निघायचो. शेजारच्या बाया म्हणायच्या, "रंभे, डबा काय दिसून राहिला वं तुहा!" मी फुगायचो. घरची एकुलती एक पोर, प्रेमिला, लहानपणी माझ्यावर बसून ताल धरायची. तिच्या टाचांचे पोचे आजही माझ्या अंगावर आहेत. ते मात्र मला आवडतात.

प्रेमिलाचं लग्न परासियाला झालं. तिकडे कोळशाच्या खाणी आहेत. जावई गिरिधर तिथे खाणीच्या ऑफिसात कारकून. लग्नात मारोतरावानं जावयासाठी स्वतः कोट शिवला. चांगलं करड्या रंगाचं कापड आणलं, आणि गिऱ्हाइकांना थांबवून कोट पूर्ण केला. तसा कोट त्यानं आधी कुणाला शिवला नव्हता.

मग आला पहिला दिवाळसण. लेक-जावई महालात आले. गिरिधर तोच कोट घालून आला होता. मारोतरावानं त्याला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याची नजर बाहीवर अडकली. बाही आखूड केलेली होती! परासियाच्या कुणा शिंप्यानं ती उसवून, दुमडून, वरून टाके घातले होते.

"माह्या शिलाईवर दुसऱ्याची सुई काहून?" मारोतराव म्हणाला. ना या, ना बसा.

गिरिधर बिचारा हसून गेला. "मामाजी, हातच सापडत नव्हते बाहीत. जेवताना वरणात बुडून राहिली होती."

घरात चार पाहुणे होते, ते हसले. झालं! मारोतरावाचं टाळकं फिरलं. "बाही बरोबर आहे. तुमचे हातच आखूड आहेत. देताना दिसलेच नाही मले, नाही तर पोरगी दिली नसती."

आता सांगा, हे बोलायचं असतं का सणाच्या दिवशी? प्रेमिला उठली. बापाचीच लेक ती. तिनं नवऱ्याचा हात धरला आणि पानावर न बसता ती दोघं मोटार स्टँडवर गेली. रंभाबाई गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावली. मारोतराव यंत्रावर बसून पाय चालवत राहिला. सुईत दोरा नव्हता, तरी चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाईनं न गेलेला फराळ माझ्यात भरला आणि परासियाला पाठवायला काढला. त्या काळी, मित्रांनो, पार्सल पाठवायचं म्हणजे डबा कापडात शिवून टाकायचा आणि कापडावरच शाईनं पत्ता घालायचा. मारोतराव बोलला नाही, पण रात्रीतून त्यानं माझ्या मापाची मांजरपाटाची खोळ शिवून ठेवली. अशी बेतशीर की मला अंगरखा घातल्यासारखं वाटलं. तिच्यावर पत्ताही त्यानंच घातला, परासियाचा.

मी परासियाला गेलो आणि आठवड्यात परत आलो. प्रेमिलानं तीच खोळ उलटी करून वापरली होती. कोऱ्या बाजूवर तिच्या अक्षरात बापाचं नाव, महाल, नागपूर. परासियाचा पत्ता आता आतल्या बाजूला गेला होता. रंभाबाईनं टाके उसवले, माझं झाकण उघडलं, आणि तशीच बसून राहिली.

मी रिकामा होतो. तुमच्या घरी शेजारणीचं भांडं परत करताना आई त्यात चिमूटभर साखर तरी टाकते की नाही? भांडं रिकामं परत करत नाहीत. आणि लेकीनं आईचा डबा रिकामा धाडला. साखरेचा दाणा नाही, गुळाचा खडा नाही. रंभाबाई रडली. मला त्या पोरीचा असा राग आला म्हणता! माझ्यावर बसून ताल धरणारी पोर, आणि तिनं मला असं उघडं, रिकामं, लाजिरवाणं करून पाठवलं.

पुढची दिवाळी आली आणि गेली. मी फळीवर, खोळ माझ्या पोटात घडी घालून ठेवलेली. घरात प्रेमिलाचं नाव निघत नव्हतं.

त्यानंतरच्या श्रावणात शेजारची जयवंता बातमी घेऊन आली. जयवंताचा भाऊ त्याच खाणीत कामाला होता, त्यामुळे तिचं परासियाला जाणं-येणं असायचं. "काकू, प्रेमिलाले पोरगा झाला वं!"

रंभाबाईनं डोळ्याला पदर लावला. मारोतराव कापड कापत होता. कात्री थांबली नाही. पण जयवंता निघाली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "केवढा आहे?"

"काय केवढा?"

"पोरगा वं! केवढा आहे, हातानं दाखव."

जयवंतानं हातानं दाखवलं. एवढा.

दिवाळीच्या तोंडावर शिंप्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. गल्लीतल्या साऱ्या पोरांचे कपडे त्याच्याकडे. त्यातूनही तो रोज दुपारी एक करडं कापड काढायचा आणि रंभाबाई आली की गिऱ्हाइकाच्या कापडाखाली सारायचा. गिरिधरच्या कोटाचंच ते उरलेलं कापड होतं. त्यातून त्यानं नातवासाठी इवलासा कोट शिवला. कॉलर, खिसा, तीन बटणं, सगळं मोठ्या माणसासारखं. रंभाबाईला काही दिसत नाही असं त्याला वाटत होतं. तिला सगळं दिसत होतं, आणि ती गप्प होती.

साखर तेव्हा रेशनवर मिळायची. रंभाबाईनं कितीतरी दिवस चहा गुळाचा केला आणि साखर साठवून अनारसे केले, करंज्या केल्या. चिवडा, शेव, चकल्या. मला असं गच्च भरलं की झाकण दाबून बसवावं लागलं. सगळ्यांच्या खाली, तळाशी, कागदात गुंडाळलेला तो कोट. मारोतरावानं तो स्वतः ठेवला, ती पाणी भरायला गेली असताना.

जयवंता दिवाळीला भावाकडे जायला निघाली, तेव्हा रंभाबाईनं तिला निरोप दिला. "प्रेमिलाले सांग, डबा येऊन राहिला. तुह्या बापानंच पाठवला म्हन. लक्ष्मीपूजनाच्या आत पोचन."

आता नीट ऐका. सगळा सत्यानाश इथे झाला.

सकाळी रंभाबाईनं खोळ काढली. वर प्रेमिलाच्या अक्षरातला नागपूरचा पत्ता होता, म्हणून तिनं ती उलटी केली. परासियाचा पत्ता बाहेर आला. बरोबर! शाबास! तिनं खोळ माझ्या झाकणावर ठेवली आणि ती रॉकेलच्या रांगेत गेली.

मागून मारोतराव आला. घाई होती, दारात गिऱ्हाइकं बसलेली, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं खोळ उचलली, दोन्ही हात आत घातले आणि फटकन उलटवली. शिंप्याचा हात तो! शिंपी कपडा नेहमी उलटा शिवतो आणि मग सुलटा करतो. जन्मभर हातात आलेली प्रत्येक पिशवी त्यानं अशीच उलटवली होती. पत्ता पाहिला नाही, विचार केला नाही. मला आत सरकवलं, दाभण घेतला आणि तोंड शिवून टाकलं.

आणि खोळीच्या आत, माझ्या अंगाला परासियाचा पत्ता चिकटला. बाहेर, जगाला दाखवायला, महाल, नागपूर.

मी ओरडलो हो! डबा जेवढा ओरडू शकतो तेवढा ओरडलो. सायकलच्या कॅरिअरवर खड्ड्याखड्ड्यांत आदळून खणखण वाजलो. मारोतराव मागे वळून म्हणाला, "अबे, करंज्या फुटतीन," आणि दोरी आणखी करकचून बांधली.

पार्सल ऑफिस एका मोटार कंपनीचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? खिडकीत चंद्रभानबाबू बसलेला. तोंडात पान, कानावर पेन्सिल, समोर दिवाळीची ही गर्दी.

"कुठं?"

"परासिया."

बाबूनं रसीद फाडली. परासिया लिहिलं. मान वर केली नाही. माझ्याकडे बघायला त्याचं काय जात होतं? समोर ठेवलेला ढोबळा डबा, त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात नागपूर लिहिलेलं. पण बाबूच्या हाताला फक्त कान होते, डोळे नव्हते. चिकटवायच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, तर चिठ्ठीही लावली नाही. "जा, रवाना होऊन जाईन," म्हणाला.

दुपारी ढीग उपसायला तोच बाबू आला. आता मात्र त्याला वाचायची हुक्की आली. एकेक पत्ता वाचून हमालाला ओरडून सांगत होता. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "हा तर नागपूरचाच आहे. आलेला माल आहे हा. इकडं काहून ठेवला? टाक आतल्या खोलीत." सकाळी ज्या तोंडानं परासिया म्हणाला, त्याच तोंडानं! हमालानं मला आत फेकलं. वर मिरच्यांचं पोतं आलं. माझ्या कडीचा एक कान कायमचा वाकला.

तिकडे परासियाची मोटार टपावर सगळ्या जगाचे डबे घेऊन निघून गेली.

बाहेर फटाके वाजत होते. त्या खोलीत मी वसुबारस ऐकली, नरकचतुर्दशीची पहाट ऐकली, लक्ष्मीपूजन ऐकलं. माझ्या पोटातले अनारसे मऊ पडत होते. आणि तळाशी तो कोट, ज्याला अनारशांचं तूप हळूहळू लागत होतं.

भाऊबीज झाल्यावर एक दिवस फळीच्या भिंतीपलीकडून मला रंभाबाईचा आवाज आला. मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगू? भिंत लाकडी फळ्यांची होती. ती पलीकडे उभी होती, मी अलीकडे. दोन हात लांब केले असते तर पोचलो असतो. मला हात नाहीत.

"बाबू, माहा डबा परासियाले पोचला नाही."

"पोचला असन बाई. रवाना झाला."

"जयवंता आत्ताच तिकडून आली. माही पोरगी दिवाळीचे सारे दिवस मोटार स्टँडवर जाऊन उभी राहिली, लेकरू कडेवर घेऊन. रोज! तिची सासू म्हने, आईबापानं टाकलं तुले, निरोपबी खोटा पाठवला. माह्या पोरीनं खाली मान घालून ऐकलं. कुठं आहे माहा डबा?"

"सीझन आहे बाई. लाइनवर असन कुठंतरी."

"लाइनवर म्हणजे कुठं? झाडाले लटकला?"

"कागदावर रवाना आहे."

"कागद नाही धाडला मी, अनारसे धाडले! आतली खोली पाहू द्या मले."

आणि मग बाबू काय बोलला ऐका. मी अजून विसरलो नाही. "बाई, आतल्या खोलीत आलेला माल राहते. तुमचा गेलेला माल आहे. गेलेला माल आलेल्यात कसा सापडन?"

लोक हसले. रंभाबाई म्हणाली, "सापडन की नाही ते मी पाहीन. तुम्ही नुसतं दार उघडा." बाबूनं दार उघडलं नाही. नियम नाही म्हणाला. अरे, नियम कसला? उठायचा कंटाळा! कुल्फीवाला आला असता तर धोतर सावरत धावला असता. मी आतून आक्रोश करत होतो, आणि मिरचीच्या पोत्याखाली डब्याचा आक्रोश म्हणजे काय, तर शांतता.

ती पुन्हा आली, पुन्हा पुन्हा आली. कधी चिडून, कधी हात जोडून. दर वेळी तेच. रवाना झाला. एकदा तर बाबू तिलाच म्हणाला, "तुमच्या पोरीलेच मिळाला असन आणि सांगत नसन." ती निघून गेली. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर पडावं. एकदाच, कडीच्या बाजूनं.

आणि घरी काय, तेही मला पुढे कळलं. मारोतराव बाबूचंच म्हणणं धरून बसला होता. "माह्या हातानं रसीद घेतली. पोचला म्हणजे पोचला. तिले आतला कोट दिसला, आणि तरी दोन ओळी लिहवल्या नाही. वरून मिळालाच नाही म्हणते. अकड आहे अकड!" रसीदीवर विश्वास, पोटच्या पोरीवर नाही. रंभाबाईनं डोकं आपटलं, पण हा माणूस हलला नाही. त्यानं पुन्हा तिचं नाव टाकलं, आणि या वेळी कायमचं टाकलं, असं तो म्हणाला.

होळीच्या आधी कंपनीनं आतली खोली साफ करायला काढली. न उचललेल्या मालावर पत्ता पाहून बाबूनं कार्डं लिहिली. आपला माल आला आहे, घेऊन जा, नाही तर लिलाव करू. एक कार्ड महालात गेलं. ते कार्ड घेऊन आलं कोण? मारोतराव स्वतः माझ्याकडे आला. बाबूनं मला खिडकीत ठेवलं आणि म्हणाला, "पाहा, आमच्याकडे काही हरवत नाही."

मारोतरावानं चष्मा खाली ओढला. खोळीवर प्रेमिलाचं अक्षर. मला उचललं, तर मी जड, भरलेला. त्याचा चेहरा असा झाला की मला माझा राग क्षणभर विसरायला झाला.

घरी येऊन त्यानं मला रंभाबाईपुढे आदळलं. "घे! उघडलासुद्धा नाही. जसाचा तसा परत धाडला. मागच्या वेळी रिकामा तरी धाडला होता!"

रंभाबाई बघतच राहिली. लेकीचं अक्षर, नागपूरचा पत्ता, आत भरलेला फराळ. तिलाही दुसरं काही सुचेना. इतके दिवस जी लेकीची बाजू घेऊन भांडत होती, ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "असं काहून केलं वं, माय?" मला फळीवर टाकण्यात आलं, तोंड भिंतीकडे करून.

दोन माणसं आणि एक डबा, आणि खरं काय ते फक्त डब्याला माहीत. असं कुणाच्या नशिबी येऊ नये.

काही दिवसांनी फळीला मुंग्या लागल्या. खवट वास घरभर झाला. रंभाबाई म्हणाली, "काढा तो खाली, टाकून तरी द्या." मारोतरावानं मला यंत्राशेजारी घेतलं, चष्मा नाकावर बसवला आणि ब्लेड उचललं. खोळीच्या तोंडाशी नेलं, आणि हात थांबला.

तो शिलाईवर वाकला. मग बोटानं टाके चाचपले. शेवटचा टाका चाचपला. "रंभे, इकडं ये."

"काय झालं?"

"ही शिलाई माही आहे. शेवटचा टाका उलटा घेऊन गाठ आत दाबलेली. ही माही गाठ आहे."

"मंग? तिनं उघडलाच नाही म्हटलं ना तुम्ही?"

"हाव. पण उघडला नाही, तर तिचं अक्षर वर कसं आलं? पत्ता बदलायचा तर खोळ उलटवा लागते. खोळ उलटवायची तर माही गाठ कापा लागते. गाठ तर कापली नाही." तो रंभाबाईकडे बघायला लागला. "घरून निघाला तेव्हाच हा पत्ता वर होता."

रंभाबाईच्या हातातली केरसुणी खाली पडली. "पण मी तर उलटवली होती."

मारोतराव हळूच म्हणाला, "मीबी."

मग रंभाबाई बोलायला लागली, आणि काय बोलली! एवढ्या महिन्यांचं सगळं. रसीद, अकड, स्टँडवर उभी असलेली पोर, सासूचे टोमणे. मारोतराव खाली मान घालून ऐकत होता, गिऱ्हाइकं दारातून परत जात होती, आणि मी? मला वाटलं होतं, खरं कळलं की माझा राग शांत होईल. नाही झाला. उलट वाढला. एवढंच बघायचं होतं ना! कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा होता. बाबूला मान वर करायची होती. खोलीचं दार उघडायचं होतं. एकानं, कुणीही एकानं, एकदा माझ्याकडे नीट बघायला हवं होतं.

खोळ उसवली. फराळ फेकला. तो साखरेचा, महिनोन् महिने साठवलेल्या साखरेचा फराळ. कोट काढला, धुतला, उन्हात वाळवला. खवट वास थोडा राहिलाच. दुसऱ्या दिवशी ताज्या करंज्या करून रंभाबाईनं मला भरलं आणि मारोतराव यंत्र बंद करून निघाला. लग्नसराईच्या तोंडावर! गल्लीनं असं कधी पाहिलं नव्हतं.

मोटार स्टँडवर चंद्रभानबाबू होताच. "शिंपीबुवा, डबा टपावर द्या. मी पाहतो."

मारोतराव म्हणाला, "तुम्ही काही पाहू नका." आणि परासियापर्यंत मला मांडीवर घेऊन बसला. वाटेतल्या घाटात लोकांना मळमळलं, त्याला झोप आली, पण माझ्यावरचा हात निघाला नाही.

परासियाच्या खाणीच्या वसाहतीत प्रेमिलाचं घर. ती दारात आली. वाळली होती. बापाला पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाली, "कोणी मागितला होता डबा?"

असं बोलण्याचा तिला पूर्ण हक्क होता. मारोतराव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आयुष्यात ज्यानं आपली चूक मानली नव्हती, तो म्हणाला, "मी खोळ उलटी शिवली, प्रेमिला. डबा दिवाळीच्या आधीच निघाला होता वं. नागपूरच्या बाहेर पडलाच नाही. तुहं अक्षर वर होतं, मले वाटलं तूच परत धाडला. मी तुले... जाऊ दे. पाणी देशीन?"

ती बाजूला झाली. तो आत गेला.

पोरगा जमिनीवर रांगत होता. गुबगुबीत, मारोतरावाचं नाक घेऊन आलेला. प्रेमिलानं मला उघडलं, करंज्यांखालचा कागद काढला आणि तो करडा कोट उलगडला. गिरिधर आतून आला आणि बघत राहिला. त्याच्या कोटाचंच कापड, हे त्यानं ओळखलं.

प्रेमिलानं पोराला कोट घालायला घेतला. एक हात गेला, दुसरा कोपरापर्यंत जाऊन अडकला. पोरगा रडायला लागला. श्रावणात जयवंतानं हातानं दाखवलेलं माप होतं ते, आणि आता होळी होऊन गेली होती. पोरं थांबत नाहीत, पार्सलची वाट बघत वाढायचं थांबवत नाहीत.

प्रेमिला उठली आणि कात्री घेऊन आली. मग तिच्या लक्षात आलं, ती काय करायला निघाली आहे ते. बापाच्या शिलाईला कात्री! तिनं गिरिधरकडे पाहिलं. गिरिधरनं आपले हात पाठीमागे घेतले. सगळे मारोतरावाकडे बघायला लागले.

"ती नको," मारोतराव म्हणाला. "मोठी आहे. बारीक पात्याची आण. काखेतून उसव, आत माया ठेवली आहे मी, कापड सुटन." आणि गिरिधरकडे न बघता, पण त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमची बाही मोठीच होती, जावाई. मी मोठी कापली होती."

गिरिधर म्हणाला, "बसा मामाजी. चहा ठेवतो."

प्रेमिला उसवत गेली. एकेक टाका. बापानं घातलेला, लेकीनं काढलेला. ती रडत होती आणि उसवत होती, आणि मारोतराव पोराला मांडीवर घेऊन त्याचे हात मोजत होता, या वेळी डोळ्यानं नाही, वितीनं. कोट अंगात गेला शेवटी. हात गेले, पाठ बसली. पुढून मात्र जुळेना. खालची दोन बटणं ओढूनताणून लागली, वरचं नाही. तिनं दोनदा ओढलं. मग सोडून दिलं. अर्ध्या बोटाच्या चुकीवर गिऱ्हाइकाला हाकलणारा मारोतराव म्हणाला, "राहू दे," आणि पोरगा उघड्या छातीनं, कोट घालून, रांगत सुटला.

मी परत निघालो तेव्हा प्रेमिलानं मला चारोळीनं भरलं होतं, झाकण दाबावं लागेल इतकं.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. आता मी म्हातारा आहे, प्रेमिलाच्याच घरी असतो. तेव्हापासून माझ्याकडे दोन खोळी आहेत, एक जायची आणि एक यायची, आणि शिवण्याआधी पत्ता मोठ्यानं वाचायचा अशी घराची शिस्त आहे. सणासुदीत तुमच्याकडे कुणाचं काही आलं नाही, तर त्या माणसाला नावं ठेवण्याआधी दोन पावलं चालून विचारा. तुम्ही काही पाठवत असाल, तर चष्मा नाकावर घ्या. आणि तुमच्यातला कुणी मोठेपणी खिडकीत बसला आणि समोर एखादी बाई आतली खोली बघू द्या म्हणाली, तर बाबा, ऊठ. दार उघड. तुझं काही जात नाही. तिचं सगळं जात असतं.

राग उतरला का, विचारता? तो पोरगा आता वडिलांच्या मापाचे कपडे घालतो. त्याची पहिली दिवाळी काही पुन्हा आली नाही. तो करडा कोट प्रेमिलानं माझ्यातच ठेवला आहे, तळाशी, कागदात गुंडाळून. त्याचं वरचं बटण एकदाही लागलेलं नाही.